‘गडहिंग्लज’ची लांबी किती? मराठी मजकूर मेमरीत नेमका कसा साठवला जातो?

पट्टीलेखक यांचा प्रश्न

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानांसाठी मी हिशेबाची एक छोटी प्रणाली पायथन या संगणकीय भाषेत लिहिली आहे. सौदा झाला की शेतकऱ्याच्या नावाने पट्टी निघते आणि तिच्यावर रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन, दर, हमाली, तोलाई, गाव, तालुका असा सगळा मजकूर मराठीतच छापला जातो. काम सुरळीत चालले आहे, परंतु दोन गोष्टींनी मला गेले पंधरा दिवस छळले आहे.

पहिली गोष्ट छपाईची. पट्टीचा कागद अरुंद असल्यामुळे तालुक्याच्या नावाची पहिली सात अक्षरेच घ्यावीत, असे मी प्रोग्राममध्ये लिहिले होते. ‘भुदरगड’ पूर्ण छापले गेले, ‘पन्हाळा’ही बसले, मात्र ‘गडहिंग्लज’चे ‘गडहिंग्’ असे पाय मोडलेले रूप कागदावर उतरले. ‘गगनबावडा’चा काना गेला आणि ‘राधानगरी’चे चक्क ‘राधानगर’ झाले. डोळ्यांना ‘भुदरगड’ही पाच अक्षरांचे दिसते आणि ‘गडहिंग्लज’ही पाचच अक्षरांचे दिसते, मग एक सातांत बसते आणि दुसरे का बसत नाही? पायथन ‘गडहिंग्लज’ची लांबी ९ सांगतो. माझा सहकारी गो भाषेत काम करतो, त्याच्याकडे तीच लांबी २७ येते.

दुसरी गोष्ट मेमरीची. महिन्याच्या सर्व पट्ट्यांची एक मजकूर-फाइल तयार होते आणि वर्षअखेरीच्या गोषवाऱ्यासाठी मी ती संपूर्ण एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या एकाच सलग तुकड्यात वाचतो. फेब्रुवारीच्या फाइलमध्ये सुमारे दोन कोटी चिन्हे होती. डिस्कवर तिने साडेचार कोटी बाइट घेतले आणि मेमरीत चार कोटी. मार्चची फाइल जवळपास तेवढीच असताना मेमरीत मात्र तिने आठ कोटी बाइट घेतले. बराच वेळ शोधल्यावर दोन्ही महिन्यांत एकच फरक सापडला: एका अडत्यांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘व्यवहार मिटला’ असे लिहून पुढे हात जोडलेला इमोजी टाकला होता. एका नमस्काराची किंमत चार कोटी बाइट कशी असू शकते?

सहकाऱ्याचे म्हणणे असे की पायथन सोडून गो किंवा रस्टकडे जावे, कारण त्या भाषा यूटीएफ-८ ही मजकूर बाइटांत साठवण्याची पद्धत वापरतात. दुसऱ्या एका मित्राच्या मते यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे आपल्याला, तेच चिन्ह दोन बाइटांत मावणारी, यूटीएफ-१६ ही पद्धतच सोयीची. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

रंकाळाकाठ यांचे उत्तर

आपला इमोजीचा शोध अगदी बरोबर आहे. त्याचे कारण पायथनच्या अंतर्गत रचनेत आहे.

युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला आहे आणि त्याला कोडपॉइंट म्हणतात. ‘गडहिंग्लज’ हा शब्द ग, ड, ह, वेलांटी, अनुस्वार, ग, पाय मोडण्याचे चिन्ह, ल, ज अशा नऊ कोडपॉइंटांचा बनतो. ‘भुदरगड’ मात्र भ, उकार, द, र, ग, ड असा सहांचाच. आपण ‘पहिली सात अक्षरे’ मागितली, पायथनने पहिले सात कोडपॉइंट दिले, आणि सातवा नेमका पाय मोडण्याचे चिन्ह निघाला. पायथनने आपली आज्ञा तंतोतंत पाळली आहे. त्याची ‘अक्षरा’ची व्याख्या शाळेत शिकवलेल्या व्याख्येशी जुळत नाही, एवढेच.

आता मेमरीकडे वळू. २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून, ‘पेप ३९३’ या प्रस्तावानुसार, प्रत्येक स्ट्रिंग तयार होताना तिच्यातील सर्वांत मोठा कोडपॉइंट पाहिला जातो. तो २५५ च्या आत असेल तर प्रत्येक चिन्हाला एक बाइट, ६५,५३५ च्या आत असेल तर दोन बाइट आणि त्याहून मोठा असेल तर चार बाइट. देवनागरीचा मुख्य पट्टा २,३०४ ते २,४३१ या क्रमांकांचा आहे, म्हणून फेब्रुवारीच्या दोन कोटी चिन्हांना चार कोटी बाइट पुरले. हात जोडलेल्या इमोजीचा क्रमांक सव्वा लाखाच्या पुढचा आहे. तो एकटा आला आणि त्याच्यासाठी उरलेल्या दोन कोटी चिन्हांना, अगदी प्रत्येक रिकाम्या जागेला आणि पूर्णविरामालाही, चार-चार बाइटांची खोली द्यावी लागली.

हा अट्टहास कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. सर्व चिन्हे सारख्या मापाची असली तर ‘लाखावे चिन्ह दे’ म्हटल्याबरोबर एका गुणाकाराने त्याची जागा सापडते, सुरुवातीपासून मोजत जावे लागत नाही. हे वचन पायथनने आपल्या वापरकर्त्यांना जुन्या काळापासून दिलेले होते आणि ते न मोडता जागा वाचवण्याचा हा मार्ग होता. त्यापूर्वी पायथनच्या ‘अरुंद’ आणि ‘रुंद’ (चिन्हामागे कमी किंवा जास्त बाइट ठेवणाऱ्या) अशा दोन बांधणी असत आणि त्याच प्रोग्रामचे उत्तर कोणती बांधणी संगणकावर आहे त्यावर बदलत असे. तो घोळ या बदलाने कायमचा मिटला. म्हणून मी या रचनेला नावे ठेवणार नाही.

उपाय सोपा आहे. फाइल एकगठ्ठा न वाचता ओळीओळीने वाचावी. प्रत्येक ओळ ही स्वतंत्र स्ट्रिंग असल्यामुळे नमस्काराची ओळ तेवढी चार बाइटांची होईल, बाकीच्या दोनच बाइटांच्या राहतील.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. लहान स्ट्रिंगमध्ये अक्षरांपेक्षा वेष्टनाचेच वजन जास्त असते. चौसष्ट बिटांच्या संगणकावर पायथन ३.१२ मध्ये ‘गडहिंग्लज’ या एका स्ट्रिंगला ७६ बाइट लागतात आणि त्यांतील अक्षरांचे फक्त १८ असतात. आपल्या जिल्ह्यात तालुके बाराच. पट्ट्या लाखभर असतील आणि प्रत्येक पट्टी वाचताना तालुक्याची नवी स्ट्रिंग तयार होत असेल, तर तीच बारा नावे लाखभर वेळा मेमरीत बसलेली असतील. पायथनच्या ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘इंटर्न’ ही सोय वापरली तर प्रत्येक नावाची एकच प्रत राहते आणि बाकी ठिकाणी तिचा पत्ता तेवढा ठेवला जातो. एन्कोडिंग, म्हणजे साठवण्याची पद्धत, बदलून जेवढे वाचेल, त्यापेक्षा कितीतरी अधिक इथे वाचेल.

अष्टक यांचे उत्तर

वरील स्पष्टीकरणाशी मी सहमत आहे, परंतु ‘लाखावे चिन्ह दे’ ही सोय जपण्यासाठी एवढी किंमत मोजणे मला पटत नाही. आपल्या पट्टीच्या प्रोग्राममध्ये लाखावे चिन्ह आजवर कोणी मागितले आहे का? आपण मजकूर सुरुवातीपासून वाचतो, त्यात शोधतो, ओळी तोडतो आणि जोडतो. या कामांना क्रमांकाने उडी मारण्याची गरज पडत नाही. शिवाय देवनागरीत तशी उडी मारली तरी हाती येते ते एखादी सुटी वेलांटी किंवा पाय मोडल्याचे चिन्ह.

हा हट्ट आला कुठून, ते थोडक्यात सांगतो. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा जगातील सर्व लिप्या सोळा बिटांत, म्हणजे ६५,५३६ जागांत मावतील अशी कल्पना होती. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ती कल्पना सोडावी लागली आणि एकूण जागा ११,१४,११२ झाल्या. तोवर जावा आणि जावास्क्रिप्ट यांनी ‘एक अक्षर म्हणजे सोळा बिट’ हे गृहीत पायात घातले होते. त्यामुळे पलीकडची चिन्हे तेथे दोन-दोन तुकड्यांच्या जोडीने लिहावी लागतात. म्हणजे यूटीएफ-१६ मध्ये एकसारखे मापही मिळत नाही आणि यूटीएफ-८ ची काटकसरही मिळत नाही. जावाने २०१७ मध्ये, नवव्या आवृत्तीत, केवळ लॅटिन अक्षरांच्या स्ट्रिंगला एक बाइट पुरेल अशी सोय केली, पण त्या स्ट्रिंगमध्ये मराठीचे एक अक्षर जरी आले तरी ती सगळीच्या सगळी दोन बाइटांवर जाते. आपल्या पदरात त्यातून काही पडले नाही.

यूटीएफ-८ ची आखणी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखाली अंथरायच्या कागदावर केली. पुढे हे दोघे रॉबर्ट ग्रीझमर यांच्यासह गो भाषेचे जनक झाले, त्यामुळे गोमध्ये स्ट्रिंग म्हणजे निव्वळ बाइटांची न बदलणारी माळ असते, याचे नवल वाटू नये. आपल्या सहकाऱ्याला मिळालेले २७ हे उत्तर बाइटांचे आहे: नऊ चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट.

या तीन बाइटांची भीती मात्र अवाजवी आहे. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १४९ असे लिहिले जाते. मुख्य पट्ट्यातील कोणतेही देवनागरी चिन्ह घ्या, पहिला बाइट २२४ च असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. इतकी पुनरावृत्ती असल्यामुळे झिप केल्यावर हा फुगवटा बराचसा विरतो. न झिपलेल्या मजकुराचा हिशेब तर आपणच दिला आहे. फेब्रुवारीच्या फाइलमध्ये आकडे, रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे एकेका बाइटाची असल्यामुळे यूटीएफ-८ चे साडेचार कोटी बाइट झाले. त्याच मजकुराचे यूटीएफ-१६ मध्ये चार कोटी झाले असते. अर्ध्या कोटीचा फरक मी नाकारत नाही, पण मार्चमध्ये तो इमोजी आल्यावर यूटीएफ-८ मध्ये चार बाइट वाढले असते. चार कोटी नव्हे, चार.

याखेरीज मधूनच वाचायला सुरुवात केली तरी चिन्ह कुठे सुरू होते ते यूटीएफ-८ मध्ये लगेच कळते, कारण १२८ ते १९१ या किमतीचा बाइट हा नेहमी चिन्हाचा पुढचा भाग असतो, आरंभ कधीच नसतो. त्यामुळे ‘राधानगरी’ हा शब्द शोधायला मजकूर उलगडावाही लागत नाही. बाइटाला बाइट जुळवत गेले की पुरते.

भाषाभाषांत फरक पडतो तो चुकीच्या जागी तोडल्यावर. ‘कोल्हापूर’ची २७ बाइटांची स्ट्रिंग विसाव्या बाइटावर तोडली तर ‘कोल्हा’ एवढे अठरा बाइट धड राहतात आणि ‘प’चे दोन बाइट लटकतात. गो ते मुकाट्याने देतो आणि छापताना तिथे प्रश्नचिन्हाचा चौकट-ठोकळा उमटतो. रस्ट तेथेच प्रोग्राम थांबवतो. पहिल्यांदा राग येतो, पण हिशेबाच्या कामात मला रस्टचाच स्वभाव आवडतो, कारण चुकीची पट्टी शेतकऱ्याच्या हाती जाण्यापेक्षा प्रोग्राम बंद पडलेला परवडला.

अॅपलच्या स्विफ्ट भाषेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. तिने २०१९ मध्ये, पाचव्या आवृत्तीत, आतील साठवण यूटीएफ-१६ वरून यूटीएफ-८ वर नेली. पंधरा बाइटांपर्यंतचा मजकूर ती वेगळी मेमरी न मागता स्ट्रिंगच्या पोटातच ठेवते. पंधरा बाइट म्हणजे मराठीची पाच चिन्हे; ‘कागल’, ‘करवीर’ आणि ‘चंदगड’ बसतात, ‘भुदरगड’ बाहेर राहते.

गोकडे जाणारच असाल तर एक सावधगिरी बाळगावी. तेथे मोठ्या स्ट्रिंगचा तुकडा घेतला की नवी प्रत होत नाही, तुकडा मूळच्याच मेमरीकडे बोट दाखवतो. हे वेगवान असते, परंतु साडेचार कोटी बाइटांच्या फाइलमधून फक्त ‘आजरा’ हा शब्द जपून ठेवला तरी अख्खी फाइल मेमरीत अडकून राहते. अशा ठिकाणी ‘स्ट्रिंग्स’ पॅकेजमधील ‘क्लोन’ वापरावे, ते १.१८ आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

मोडीचा_विद्यार्थी यांचे उत्तर

मी व्यवसायाने प्रोग्रामर नाही. कोल्हापूर संस्थानच्या कारभाराची जुनी मोडी कागदपत्रे वाचण्याचा मला नाद आहे आणि वाचलेल्या मजकुराची सूची मी स्वतः जावामध्ये करतो. या चर्चेत इमोजीला ‘पलीकडचे चिन्ह’ म्हटले गेले, म्हणून सांगावेसे वाटते की आपली मोडीही पलीकडचीच आहे. युनिकोडमध्ये तिला २०१४ साली, सातव्या आवृत्तीत जागा मिळाली आणि ती ६५,५३५ च्या पुढची मिळाली.

त्याचा परिणाम असा होतो की देवनागरीत ‘कोल्हापूर’ लिहून जावाला लांबी विचारली तर ९ येते आणि मोडीत तोच शब्द लिहिला तर १८ येते. सुरुवातीला मी नावे ठरावीक लांबीवर तोडत असे, तेव्हा जोडीतील अर्धाच तुकडा शिल्लक राहून सूचीत ठोकळे उमटत. गंमत म्हणजे मोडीपुरता वरचा सगळा वाद निकाली निघतो, कारण ‘कोल्हापूर’ला यूटीएफ-८ मध्ये ३६ बाइट लागतात, यूटीएफ-१६ मध्येही ३६ आणि प्रत्येकाला चार बाइट देणाऱ्या यूटीएफ-३२ मध्येही ३६. डेटाबेसमध्ये मात्र मला एकदा फटका बसला. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाचा जुना संच तीन बाइटांपर्यंतचीच चिन्हे घेतो. देवनागरी त्यात निर्धास्त राहते, म्हणून दोष लक्षात येत नाही. मोडी किंवा इमोजी आला की अडते. त्यासाठी ‘यूटीएफ८-एमबी४’ हा संच निवडावा लागतो.

पट्टीलेखकांना आणखी एक सूचना करतो, कारण त्यांच्या यादीत हे गाव नक्की असणार. करवीर तालुक्यातील ‘दऱ्याचे वडगाव’ शोधून पाहावे. यातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. काही साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह टाकतात. पहिल्या पद्धतीत ‘दऱ्या’चे पाच कोडपॉइंट होतात, दुसऱ्या पद्धतीत सहा. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी गावे असतात. युनिकोडचे प्रमाणीकरण ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिलेल्या रूपाला ‘ऱ’शी एकरूप करते, मात्र अदृश्य चिन्हाचे रूप ते जसेच्या तसे सोडते. तेवढी अदलाबदल आपल्यालाच करावी लागते. ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला आणि स्वतंत्र ‘ॲ’ म्हणून लिहिलेला स्वर यांचीही हीच कथा आहे.

छापखाना_गल्ली यांचे उत्तर

आपण सर्वांनी साठवणुकीचे उत्तम सांगितले, पण छपाईचा प्रश्न तसाच राहिला. डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षराला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात आणि त्याच्या सीमा ठरवण्याचे नियम आहेत. जुन्या नियमांनुसार ‘गडहिंग्लज’चे ग, ड, हिं, ग्, ल, ज असे सहा तुकडे पडत, म्हणजे जोडाक्षर मधोमध फुटत असे. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून ‘ग्ल’ अखंड राहतो आणि पाच तुकडे होतात. पायथनच्या मूळ संचात ही सोय नाही, ‘रेजेक्स’ नावाचे वेगळे मॉड्यूल बसवावे लागते. जावास्क्रिप्टमध्ये ‘सेगमेंटर’ आहे. आपल्याकडील आवृत्ती कोणते नियम पाळते, ते ‘ग्ल’ देऊनच तपासावे.

परंतु पट्टीसाठी तेही अपुरे आहे. ‘ग’ची रुंदी आणि ‘ग्ल’ची रुंदी सारखी नसते. छोट्या थर्मल प्रिंटरवर मराठी मजकूर बहुधा चित्र म्हणूनच पाठवला जातो. तेव्हा फॉन्ट आणि हार्फबझसारखे अक्षरजुळणीचे साधन वापरून नाव किती बिंदू रुंद होते ते मोजावे, आणि बसत नसेल तर शेवटून एकेक पूर्ण अक्षर कमी करत जावे. इथे स्ट्रिंगच्या लांबीचा काही उपयोग नाही, मग ती ९ असो वा २७.

पट्टीलेखक

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

फाइल आता ओळीओळीने वाचतो. तालुक्यांच्या आणि गावांच्या नावांना ‘इंटर्न’ लावले. मेमरीतील सर्वांत मोठी घट त्यानेच झाली, हे मला अपेक्षित नव्हते. ‘रेजेक्स’ तपासले तेव्हा माझ्या संगणकावरील जुनी आवृत्ती ‘ग्ल’ फोडत होती, म्हणून पाय मोडलेले अक्षर पुढच्या अक्षराला जोडून घेणारा तीन ओळींचा नियम वर लिहिला. पट्टीवर नावाची रुंदी बिंदूंमध्ये मोजतो आणि फॉन्ट किंचित लहान केल्यावर बाराही तालुके न तोडता बसले, त्यामुळे तोडण्याचा प्रसंग लांबलचक गावांपुरताच उरला आहे.

‘दऱ्याचे वडगाव’ खरोखरच यादीत दोनदा होते. एका दुकानातील कळफलक एक रूप देत होता आणि दुसऱ्या दुकानातील दुसरे. आता मजकूर आत येतानाच दोन्ही रूपे ‘ऱ’वर आणतो. जुन्या पट्ट्यांतील नोंदी एकत्र केल्यावर त्या गावाच्या रव्यांची वर्षाची बेरीजही बदलली, ती अडत्यांना दाखवून वहीशी पुन्हा ताळून घेतली.

गोकडे जाण्याचा विचार तूर्तास बाजूला ठेवला आहे. शेऱ्यातील नमस्कारही तसाच राहू दिला आहे.